ताळा जुळत नाही: ॲस्टेरिक्सडीबीच्या क्वेरीतून गळणाऱ्या नोंदी कशा शोधायच्या

समस्या अशी दिसते. डेटासेटमधल्या सगळ्या नोंदी मोजल्या की एक आकडा येतो. मग तापमान ३० पेक्षा जास्त असलेल्या मोजल्या, ३० किंवा त्याहून कमी असलेल्या मोजल्या आणि दोन्हींची बेरीज केली, तर ती एकूण आकड्याएवढी भरत नाही. एरर कुठेच नसते. क्वेरी वेळेत चालते, उत्तर देते आणि तरीही काही नोंदी ना इकडे सापडतात ना तिकडे. खटपट करून एकदा फरक मिटवला, तरी दोन-तीन आठवड्यांनी तो पुन्हा उगवतो.

अपाचे ॲस्टेरिक्सडीबी हा नोंदी अनेक मशीनवर वाटून ठेवणारा डेटाबेस आहे. त्यावर काम करताना हा प्रश्न माझ्यापुढे अनेकदा आला आहे. पहिल्या वेळी आमचे चार दिवस गेले. आता साधारण तासाभरात गळती नेमकी कुठे आहे ते कळतं. तो तासाभराचा मार्ग इथे लिहितो आहे, आणि शेवटी तीच गळती परत येऊ नये म्हणून काय करायचं तेही.

आधी कशावर वेळ घालवू नये

आकडा कमी आला की पहिला संशय क्लस्टरवर, म्हणजे डेटाबेस चालवणाऱ्या मशीनच्या गटावर जातो. एखादा नोड (त्यातलं एक मशीन) बंद असेल, त्याच्याकडच्या नोंदी उत्तरात आल्या नसतील, असं वाटतं. ॲस्टेरिक्सडीबीत प्रत्येक डेटासेट प्रायमरी कीच्या (नोंद ओळखणाऱ्या एकमेव मूल्याच्या) हॅशप्रमाणे नोडांवर वाटलेला असतो, त्यामुळे शंका साहजिक आहे. पण नोड खरंच गळाला असेल तर क्लस्टर वापरायोग्य नाही असं सांगून यंत्रणा क्वेरी नाकारते. उरलेल्या नोडांवरून अर्धंमुर्धं उत्तर गुपचूप देऊन मोकळी होत नाही.

दुसरा संशय साठवणीवर. आतली रचना एलएसएम पद्धतीची आहे: नव्या नोंदी आधी मेमरीतल्या घटकात जातात, मग डिस्कवर उतरतात, नंतर डिस्कवरचे घटक एकत्र केले जातात. "मेमरीतलं अजून डिस्कवर उतरलं नसेल म्हणून मोजलं गेलं नाही" हे आमच्याकडे किमान तीन वेळा ऐकू आलं. क्वेरी मेमरीतले आणि डिस्कवरचे असे सगळे घटक वाचते, त्यामुळे हे कारण असू शकत नाही. इंडेक्स मोडून पुन्हा बांधणं, क्लस्टर बंद करून चालू करणं हेही आम्ही केलं. फरक जसाच्या तसा राहिला.

एक गोष्ट मात्र आधी बघून घ्या: नोंदी मुळात आल्यात का? फाइलमध्ये जितक्या ओळी तितक्याच नोंदी डेटासेटमध्ये नसतील, तर प्रश्न क्वेरीचा नसून भरणीचा आहे. इन्सर्ट करताना तीच प्रायमरी की पुन्हा आली तर यंत्रणा एरर देते. अपसर्ट मात्र जुनी नोंद पुसून तिच्या जागी नवी ठेवतं आणि काही बोलत नाही, कारण त्याचं कामच ते आहे. म्हणून अपसर्टने भरल्यावर एकूण आकडा कमी दिसला, तर तुम्ही निवडलेली की खरंच एकमेव आहे का ते तपासा. उलटा प्रकारही होतो. की आपोआप तयार होईल असा डेटासेट असेल आणि तीच फाइल दुसऱ्यांदा भरली, तर प्रत्येक नोंदीला नवी की मिळते आणि सगळं दुप्पट होतं.

एकूण आकडा बरोबर असेल आणि तरी "जास्त" नि "कमी" यांची बेरीज भरत नसेल, तरच पुढचं वाचा.

आठ नोंदींचा प्रयोग

मोठ्या डेटासेटवर डोकं आपटण्याआधी हा छोटा प्रयोग स्वतःच्या मशीनवर करून बघा. एक टाइप तयार करा, ज्यात फक्त क्रमांक हे एकच फील्ड जाहीर केलेलं आहे. त्यावर डेटासेट तयार करा. टाइप करताना वेगळं काही सांगितलं नाही तर तो ओपन असतो, म्हणजे जाहीर न केलेली कुठलीही फील्ड नोंदीत चालतात. आता आठ नोंदी घाला. (इथे अंक देवनागरीत छापले आहेत, प्रत्यक्ष डेटात ते इंग्रजी अंकांत लिहायचे. जेसन, म्हणजे नोंदी ज्या मजकुरी रूपात लिहितात, त्याच्या व्याकरणात संख्या फक्त त्याच अंकांत चालते.)

पहिल्या नोंदीत तापमान २२.
दुसरीत ३५.
तिसरीतही ३५, पण अवतरणचिन्हांत, म्हणजे "३५" ही स्ट्रिंग (मजकूर).
चौथीत तापमान आहे, पण त्याचं मूल्य नल, म्हणजे "मूल्य नाही" अशी खूण.
पाचवीत तापमान हे फील्डच नाही.
सहावीत ४१.५.
सातवीत "उपलब्ध नाही" अशी स्ट्रिंग.
आठवीत ॲरे (मूल्यांची यादी): ३५ आणि ३६.

आता तापमान ३० पेक्षा जास्त असलेल्या नोंदी मागा. दोन मिळतील: दुसरी आणि सहावी. ३० किंवा कमी असलेल्या मागा. एकच मिळेल: पहिली. बरेच जण इथे अट उलटी करून बघतात, म्हणजे "३० पेक्षा जास्त" या अटीपुढे नॉट लावतात आणि उरलेल्या सगळ्या येतील अशी अपेक्षा धरतात. तरीही एकच नोंद येते. आठपैकी पाच गायब.

कारण असं आहे. एसक्यूएल प्लस प्लसमध्ये (ॲस्टेरिक्सडीबीच्या क्वेरी भाषेत) अटीचं उत्तर खरं किंवा खोटं एवढंच नसतं, नल आणि मिसिंग अशी आणखी दोन उत्तरं असतात. फील्डच नसेल तर ते मिसिंग, आणि मिसिंगची तुलना कशाशीही केली तरी उत्तर मिसिंग. फील्ड आहे पण मूल्य नल, तर तुलनेचं उत्तर नल. आणि खरी मेख इथे आहे: संख्या आणि स्ट्रिंग अशा न जुळणाऱ्या प्रकारांची तुलना केली तरी उत्तर नलच येतं. नॉट लावून फरक पडत नाही, कारण नलचा नकार नल आणि मिसिंगचा नकार मिसिंग. व्हेअर फक्त खऱ्या उत्तराच्या नोंदी पुढे सोडतो. बाकी तिन्ही प्रकार त्याच्या लेखी सारखेच, सगळे बाहेर.

नेहमीच्या एसक्यूएलमधून आलेल्यांना नलचा हा स्वभाव ओळखीचा असतो, पण तिथे कॉलमचा प्रकार ठरलेला असतो, त्यामुळे "३५" संख्येच्या कॉलममध्ये शिरूच शकत नाही. मोंगोडीबीतून आलेल्यांचा गोंधळ वेगळा असतो. तिथे "याच्या बरोबरीचं नाही" अशी अट घातली, तर ते फील्ड नसलेल्या नोंदीही उत्तरात येतात. इथे येत नाहीत. स्थिती "बंद" नाही अशा नोंदी मागितल्या, तर स्थितीच न लिहिलेल्या नोंदी गळतात. क्वेरी एका यंत्रणेतून दुसरीत जशीच्या तशी आणणाऱ्यांचा पाय पहिल्यांदा इथेच घसरतो.

तीन क्वेरींचा ताळा

शाळेत भागाकाराचा ताळा करायचो तसाच हा ताळा. कुठल्याही संशयित अटीसाठी तीन मोजण्या करा. एक, अट खरी असलेल्या नोंदी. दोन, अटीपुढे नॉट लावून. तीन, पूर्ण अट कंसात घालून कंसानंतर इज अननोन (उत्तर नल किंवा मिसिंग आहे का) लिहून. इज अननोन हे फील्डलाच लावता येतं असं अनेकांना वाटतं. ते कुठल्याही अभिव्यक्तीला लागतं, म्हणून संपूर्ण तुलनेलाही लावा. आपल्या आठ नोंदींवर उत्तरं येतात २, १ आणि ५. बेरीज ८. या तिन्हींची बेरीज एकूण आकड्याएवढी आलीच पाहिजे. आली, की गळती तिसऱ्या आकड्यात आहे हे पक्कं, आणि क्लस्टर, इंडेक्स, डिस्क यांच्यावरचा संशय तिथेच संपतो.

आता तिसऱ्या आकड्याचे दोन भाग करा. त्याच कंसानंतर इज मिसिंग लिहा: १ येईल, ती पाचवी नोंद. इज नल लिहा: ४ येतील. यातली एकच नोंद अशी आहे जिच्या फील्डमध्ये खरोखर नल आहे. उरलेल्या तिघींमध्ये मूल्य आहे, पण वेगळ्या प्रकारचं आहे. निदानासाठी हा फरक फार मोलाचा आहे. फील्डला लावलेलं इज नल एक दाखवतं आणि तुलनेला लावलेलं इज नल चार दाखवतं. मधल्या तीन म्हणजे प्रकाराच्या घोळातून गळलेल्या नोंदी. खऱ्या डेटासेटवर मी हे दोन आकडे सगळ्यात आधी शेजारी शेजारी ठेवतो. ते सारखे असतील तर डेटा अपुरा आहे. वेगळे असतील तर डेटा आहे, पण चुकीच्या कपड्यांत आला आहे.

काउंटच्या बाबतीत एक खबरदारी. तारा घातलेला काउंट सगळ्या नोंदी मोजतो. फील्डचं नाव घातलेला काउंट नल आणि मिसिंग सोडून देतो, पण स्ट्रिंग, ॲरे सगळं मोजतो. आपल्या प्रयोगात तापमानाचा काउंट ६ येतो आणि तुलनेत भाग घेऊ शकणारी मूल्यं आहेत ३. "काउंटमध्ये तर सहा दिसतायत" असं म्हणत आमच्यातला एक सहकारी अर्धा दिवस भांडत होता. त्याचा आकडाही बरोबरच होता, फक्त तो दुसऱ्याच प्रश्नाचं उत्तर होता.

यंत्रणा यावर पूर्ण गप्प असते असंही नाही. न जुळणाऱ्या प्रकारांची तुलना झाली की ती वॉर्निंग तयार करते, पण ती उत्तरात यायला हवी असेल तर मागावी लागते. १९००२ पोर्टवरच्या क्वेरी सेवेला विनंती पाठवताना मॅक्स-वॉर्निंग्ज हा पॅरामीटर असतो, त्यात एखादी संख्या द्या. मग उत्तरासोबत इशाऱ्यांची यादी येते आणि कोणत्या ओळीत कोणते दोन प्रकार एकमेकांना भिडले ते दिसतं. रोजच्या स्क्रिप्टांमध्ये हा पॅरामीटर मी आता कायमचा ठेवला आहे.

प्रकारांची खानेसुमारी

गळती आहे हे कळल्यावर पुढचा प्रश्न: फील्डमध्ये नेमकं काय काय आलंय? त्यासाठी एक केस (अटीनुसार वेगळं उत्तर देणारी अभिव्यक्ती) लिहा. फील्ड मिसिंग असेल तर "नाही", नल असेल तर "नल", इज_नंबर खरं असेल तर "संख्या", इज_स्ट्रिंग तर "स्ट्रिंग", इज_बूलियन, इज_ॲरे, इज_ऑब्जेक्ट याच क्रमाने, आणि शेवटी "इतर". या केसवर ग्रुप बाय करून, म्हणजे गट पाडून मोजा. आठ नोंदींवर उत्तर येतं: संख्या ३, स्ट्रिंग २, ॲरे १, नल १, नाही १. मिसिंग आणि नल यांची तपासणी वरच ठेवा, कारण इज_स्ट्रिंगला मिसिंग दिलं तर ते खोटं असं म्हणत नाही, मिसिंगच परत करतं.

हीच खानेसुमारी नोंद कुठून आली त्या फील्डवरही तोडा. जवळजवळ प्रत्येक वेळी मला असं दिसलं आहे की सगळ्या स्ट्रिंगा एकाच स्रोताकडून येत असतात, आणि बहुधा एका ठरावीक तारखेपासून. म्हणजे पलीकडे कुणीतरी सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती चढवली आणि संख्या अवतरणचिन्हांत पाठवायला लागली. समस्या परत परत येण्याचं मूळ हेच आहे. आपला टाइप ओपन आहे, तो कुणालाच दारात अडवत नाही.

फील्डच सापडत नसेल तर नावाकडे बघा. फील्डच्या नावात लहान-मोठ्या लिपीचा फरक धरला जातो, त्यामुळे पहिलं अक्षर मोठं झालं की ते वेगळं फील्ड. ऑब्जेक्ट_नेम्स हे फंक्शन नोंदीतल्या सगळ्या फील्डांची नावं ॲरेत देतं. तो ॲरे अननेस्ट करून (प्रत्येक घटकाची वेगळी ओळ करून) नावावर ग्रुप बाय केलं की कोणतं नाव किती नोंदींत आहे त्याची यादी मिळते. त्यात एकसारखी दिसणारी दोन नावं निघाली तर दचकू नका, शेवटी चिकटलेली मोकळी जागा शोधा. मराठीत फील्डची नावं ठेवणाऱ्यांसाठी आणखी एक सापळा आहे: ॲ हे अक्षर युनिकोडमध्ये एका चिन्हाने लिहिता येतं, तसंच अ आणि ॅ अशी दोन चिन्हं जोडूनही. पडद्यावर दोन्ही सारखी, यंत्रणेसाठी दोन वेगळी नावं. युनिकोडचं नेहमीचं नॉर्मलायझेशनही ही दोन एक करत नाही.

तारखा

संख्यांनंतर सर्वाधिक नोंदी तारखांतून गळतात, आणि इथे काही वेळा सगळ्याच गळतात. जेसनमध्ये तारखेचा प्रकारच नाही, तारीख येते ती स्ट्रिंग म्हणून. क्वेरीत मात्र आपण डेटटाइम फंक्शनने बनवलेल्या मूल्याशी तुलना करतो. स्ट्रिंग विरुद्ध डेटटाइम, उत्तर नल, हाती शून्य नोंदी. शून्य येतं म्हणून हे लवकर लक्षात तरी येतं.

अवघड प्रकार पुढचा आहे. कुणीतरी यावर उपाय म्हणून दोन्ही बाजू स्ट्रिंगच ठेवतं. आता उत्तर येतं आणि बरंच बरोबरही असतं, कारण वर्ष, महिना, दिवस या क्रमाने आणि शून्यं भरून लिहिलेल्या तारखा अक्षरक्रमाने लावल्या तरी कालक्रमानेच लागतात. पण एखाद्या स्रोताने मार्च महिना ०३ ऐवजी नुसता ३ लिहिला, की अक्षरक्रमात तो डिसेंबरच्या पुढे जाऊन बसतो. वेळेच्या शेवटी काही नोंदींत जागतिक वेळेची खूण आणि काहींत स्थानिक फरक असेल, तर एकच क्षण दोन वेगळ्या ठिकाणी पडतो. इथे नोंद गळत नाही, चुकीच्या गटात जाते, म्हणून तीन क्वेरींचा ताळाही जुळतो. हे पकडायला एकच साधा उपाय: तारखेच्या स्ट्रिंगांची लांबी काढा आणि लांबीवर ग्रुप बाय करा. एकाहून जास्त लांब्या दिसल्या की प्रत्येकीची एक नोंद उघडून वाचा. मग ती स्ट्रिंग डेटटाइममध्ये बदलूनच तुलना करा. ठरलेल्या मांडणीपेक्षा वेगळ्या पद्धतीने लिहिलेल्या तारखांसाठी पार्स_डेटटाइम आहे, त्याला मांडणीचा नमुना सांगता येतो.

अननेस्ट आणि जॉइन

नोंदीत आतला ॲरे असेल आणि तो अननेस्टने उलगडला, तर ज्या नोंदीत तो ॲरे रिकामा आहे किंवा मुळातच नाही, ती नोंद उत्तरातून पूर्ण जाते. नोंदी मोजायच्या असतील तर लेफ्ट आउटर अननेस्ट वापरा. आणखी एक प्रकार फार वेळा दिसतो: पाठवणारी यंत्रणा दोन किंवा जास्त गोष्टी असल्या की ॲरे पाठवते, आणि एकच असली की कंस काढून नुसता ऑब्जेक्ट. अशा वेळी अननेस्ट करण्याआधी टू_ॲरे लावा. ते ॲरेला हात लावत नाही, एकट्या मूल्याचा एक घटकाचा ॲरे करतं, आणि नल नि मिसिंग आहेत तसेच ठेवतं.

जॉइनमध्येही तोच नियम. एका डेटासेटमध्ये ग्राहक क्रमांक संख्या आणि दुसऱ्यात स्ट्रिंग असेल, तर एकही जोडी जुळत नाही. पूर्णांक आणि दशांश यांची मात्र काळजी नको, ते एकमेकांशी नीट जुळतात.

दुरुस्ती

घाईच्या वेळी क्वेरीतच टू_नंबर लावून काम भागतं. आठ नोंदींवर करून बघा: "३५" ची संख्या होते, म्हणून ३० पेक्षा जास्त असलेल्या आता ३, कमी असलेली १ आणि अनिर्णित ४. "उपलब्ध नाही" चं नल होतं आणि ॲरेचंही. इथे दोन गोष्टींबद्दल सावध राहा. बूलियन मूल्य दिलं तर टू_नंबर खऱ्याचं १ आणि खोट्याचं ० करतं, त्यामुळे फील्डमध्ये बूलियन घुसली असतील तर तीही तापमानं म्हणून मोजली जातील. म्हणूनच खानेसुमारी आधी. दुसरं म्हणजे फील्डवर इंडेक्स असला तरी त्याभोवती फंक्शन गुंडाळल्यावर तो इंडेक्स उपयोगी पडत नाही आणि पूर्ण डेटासेट वाचला जातो. क्वेरीच्या पुढे एक्सप्लेन लावून हे स्वतः बघून घ्या.

इफ_मिसिंग_ऑर_नल वापरून रिकाम्या जागी शून्य भरायचा मोह होतो. माझं स्पष्ट मत आहे की तापमान, रक्कम, वजन अशा फील्डांत हे कधीच करू नये. ताळा जुळतो खरा, पण सरासरी बिघडते, आणि बिघडलेली सरासरी कुणाच्याच डोळ्यांत भरत नाही. स्थितीसारख्या फील्डमध्ये "नोंद नाही" असं शब्दांत भरलं तर हरकत नाही. तिथे तो एक वेगळा गट म्हणून उघड दिसतो.

टिकाऊ दुरुस्ती म्हणजे दोन डेटासेट. पहिला कच्चा: ओपन टाइप, फक्त की जाहीर, जे येईल ते आत. दुसरा स्वच्छ: ज्या फील्डांवर अटी, जॉइन किंवा बेरजा होतात ती सगळी प्रकारासकट जाहीर केलेली, उदाहरणार्थ तापमान डबल (दशांश संख्या), आणि पुढे प्रश्नचिन्ह, म्हणजे ते नसलं किंवा नल असलं तरी चालेल. बाकी फील्ड ओपनच राहू द्या. सगळा टाइप क्लोज्ड (जाहीर न केलेलं फील्ड न चालणारा) करून टाकायचा सल्ला अधूनमधून ऐकू येतो. मला तो पटत नाही. ॲस्टेरिक्सडीबीचं काम २००९ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या अर्व्हाइन शाखेच्या पुढाकाराने सुरू झालं आणि २०१६ मध्ये तो अपाचे या मुक्त-सॉफ्टवेअर संस्थेचा स्वतंत्र प्रकल्प झाला. या सगळ्या प्रवासात अर्धसंरचित डेटा तो येईल तसा सामावून घेणं हाच त्याचा गाभा राहिला आहे. तो सोडायचा असेल तर साधी रिलेशनल यंत्रणा घ्यावी. आपल्याला जी पाच-सहा फील्ड मोजायची आहेत तेवढ्यांनाच शिस्त लावली की पुरतं.

कच्च्यातून स्वच्छमध्ये नेण्यासाठी एक एसक्यूएल प्लस प्लस फंक्शन लिहा. ते नोंद घेतं, तापमानावर टू_डबल लावतं, तारीख बदलतं, एकट्या ऑब्जेक्टचा ॲरे करतं आणि नवी नोंद परत देतं. रूपांतर फसलं तर मूळ मूल्य फेकू नका, "मूळ_तापमान" अशा वेगळ्या फील्डमध्ये ठेवा. आधीच साठलेल्या नोंदी या फंक्शनमधून काढून अपसर्टने स्वच्छमध्ये भरा. डेटा फीडने (सतत वाहत्या प्रवाहाने) येत असेल तर फीड डेटासेटला जोडतानाच हे फंक्शन लावता येतं, म्हणजे दारातच सफाई. तरीही कच्चा डेटासेट ठेवाच. फंक्शनमध्ये चूक निघाली तर पुन्हा सुरुवात करायला तोच आधार असतो.

इंडेक्स स्वच्छ डेटासेटवर बांधा. जाहीर न केलेल्या फील्डवरही इंडेक्स बांधता येतो, पण त्या वेळी फील्डचा प्रकारही सांगा. तो एन्फोर्स्ड केला तर न जुळणाऱ्या प्रकाराची नोंद यंत्रणा स्वीकारत नाही. एखाद-दुसऱ्या फील्डपुरता पहारा हवा असेल आणि सगळा डेटासेट पुन्हा भरायला वेळ नसेल, तर हा मार्ग बरा आहे.

"सर्वांत कमी दहा तापमानं" अशी क्वेरी करणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवावं: चढत्या क्रमात मिसिंग सगळ्यात आधी, मग नल, मग बाकी मूल्यं. इज नॉट अननोन ही अट घातली नाही तर दहाच्या दहा जागा रिकाम्या नोंदी घेऊन बसतील.

रात्रीची तपासणी

आमच्याकडे आता रोज रात्री एक स्क्रिप्ट चालते. स्वच्छ डेटासेटच्या प्रत्येक महत्त्वाच्या फील्डसाठी आणि प्रत्येक स्रोतासाठी ती चार आकडे काढते: एकूण नोंदी, फील्ड नसलेल्या, नल असलेल्या आणि मूळ मूल्य बाजूला ठेवावं लागलेल्या. हे आकडे एका छोट्या डेटासेटमध्ये तारखेसह जमा होतात. ते शून्य असावेत असा आग्रह नाही, काही उपकरणं तापमान मोजतच नाहीत. बघायचं असतं ते कालच्या आणि आजच्या प्रमाणातलं अंतर.

अलीकडेच एका सकाळी एका स्रोताचा चौथा आकडा एकदम वर गेलेला दिसला. बाजूला ठेवलेली मूल्यं उघडली, तर प्रत्येकात चार अक्षरी स्ट्रिंग होती: "नल". म्हणजे नल हे मूल्य नव्हे, तर इंग्रजीत अक्षरं लिहून पाठवलेला शब्द. जुन्या मांडणीत इज नलला त्या नोंदी सापडल्या नसत्या, तुलनेतून त्या गळल्या असत्या आणि काउंटमध्ये दिमाखात मोजल्या गेल्या असत्या. फंक्शनमध्ये एक ओळ वाढवली, आदल्या दिवसाच्या नोंदी कच्च्यातून पुन्हा अपसर्ट केल्या आणि दुपारच्या आत तीन क्वेरींचा ताळा पुन्हा जुळला.